चांदणीशी रस्सीखेच

"आप्पा, आम्हाला तुमची गरज नाही. तुमच्या वजनाची आहे," भोपळे सर दारातूनच म्हणाले.

हे भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडले होते. सकाळचे दहा वाजून गेलेले, बाहेर पापड वाळत घालावेत असं ऊन, आणि ह्यांच्या अंगावर चादर. सरांच्या बोलण्यावर चादर हलली नाही. मी चहाचं आधण ठेवायला वळले. त्या दिवसांत आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ह्यांच्या पाठीशी दहा मिनिटं बोलायचा, मग माझ्याकडे बघून मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा. त्यामुळे पाहुणा दिसला की मी आधी आधणच ठेवायची.

गडहिंग्लजला आमची पिठाची गिरणी होती. हे चक्की चालवायचे, मी डबे मांडून घ्यायची, वजन करायची आणि कुणाच्या बाजरीत कुणाचे गहू मिसळले यावरून बायकांशी भांडायची. रस्ता रुंद झाला तेव्हा गिरणीचा पुढचा अर्धा भाग त्यात गेला आणि उरलेल्या अर्ध्यात चक्की मावेना. ह्यांनी चक्की विकली, पाटी काढून परसात उभी केली आणि दुसऱ्या दिवसापासून उठायचं बंद केलं. म्हणजे आंघोळीपुरते उठायचे आणि परत पडायचे. जन्मभर चक्कीच्या घरघरीवरून बोलल्यामुळे ह्यांचा आवाज असा की घरात मीठ मागितलं तर शेजारीण घेऊन यायची. तो आवाज आता 'हं' एवढाच उरला होता. भात वाढू की भाकरी? हं. लाईट घालवू? हं.

सल्ले देणाऱ्यांना काय तोटा. कुणी नामस्मरण सांगितलं, कुणी नातवंडांत रमा म्हणून सांगितलं. नातवंडं बंगळूरला होती आणि ती स्वतःच आपापल्या मोबाईलात रमलेली होती. माझी धाकटी जाऊ रोज कारल्याचा रस आणून द्यायची. तो शेवटी मीच प्यायची, वाया कशाला घालवा.

मग मी ह्यांना कोल्हापूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, नीट विचारलं आणि म्हणाले, "गोळ्या देतो, त्या चुकवू नका. पण नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही. ह्यांना हलवा. रोज घाम निघाला पाहिजे, आणि तो चार माणसांत निघाला पाहिजे."

"हलवू कशी? क्रेन आणू का?" मी म्हटलं.

डॉक्टर हसले. हे हसले नाहीत. माझ्या फालतू बोलण्यावर लग्नाच्या बोहल्यापासून हसत आलेला माणूस, आणि त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या विमलताईंना हे सांगितलं. त्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "गिरणीतल्या धान्यात घालायच्या विषारी गोळ्या घरात नाहीत ना?"

होत्या. मी त्याच पावली घरी गेले आणि डबा विमलताईंच्या हवाली केला. त्यांनी डबा घेतला आणि माझे हातही धरून ठेवले. म्हणून भोपळे सर दारात उभे राहून ह्यांचं वजन मागू लागले, तेव्हा मला त्याचं हसू आलं नाही. मी चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिले.

भोपळे सर हायस्कुलात पी.टी. शिकवायचे. आडनाव काहीही असो, माणूस शेवग्याच्या शेंगेएवढा. रिटायर होऊन जमाना झाला तरी गळ्यात शिट्टी, अगदी लग्नकार्यातसुद्धा. ज्येष्ठ नागरिक संघाच्या खेळांचं सगळं ते बघायचे. दर ऑक्टोबरात ज्येष्ठांच्या स्पर्धा असत आणि दर ऑक्टोबरात रस्सीखेचीत तळेवाडीचा संघ आमच्या संघाला फरफटत न्यायचा.

"आपल्याकडे सगळे काटक," सर ह्यांच्या पाठीला समजावून सांगत होते. "काटक माणूस चालायला बरा, रस्सीखेचीला उपयोगाचा नाही. तळेवाडीचे म्हातारे दुधातुपातले. मला दोराच्या शेवटाला एक जड माणूस पाहिजे. त्याला काही करायचं नसतं. दोर कमरेला घ्यायचा आणि जागेवर राहायचं."

चादर जरा हलली.

"काय करायचं नसतंय?" ह्यांनी भिंतीला विचारलं.

"काहीच नाही."

"बोलायला लागतंय?"

"अजिबात नाही. उलट गप्प राहिलेलं बरं, दम टिकतो."

"मन रमवायचं वगैरे?"

"तुमच्या मनाशी संघाचा काही संबंध नाही, आप्पा. फक्त वजन तेवढं एकदा बघावं लागेल."

हे उठून बसले. मी आजही सांगते, देव, डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यापैकी कुणाला जमलं नव्हतं ते त्या शेवग्याच्या शेंगेनं केलं. इतके महिने जो तो ह्यांच्याकडून काहीतरी मागत होता. हसा, बोला, खा, बाहेर पडा. पडून राहण्याइतकंच काम घेऊन आलेला हा पहिलाच माणूस.

गिरणीचा मोठा वजनकाटा परसात पडला होता. हे लुंगी सावरत त्यावर उभे राहिले. काटा शंभराच्या पुढे गेला आणि बराच पुढे जाऊन थांबला. भोपळे सरांनी चष्मा काढून पुसला, परत बघितलं आणि मग गळ्यातली शिट्टी हातात घेऊन कपाळाला लावली. "उद्या सकाळी सहाला मैदानावर," ते म्हणाले. "रिक्षा पाठवतो."

हे परत जाऊन झोपले. पण दुसऱ्या दिवशी रिक्षा आली तेव्हा उठून रिक्षात बसले, आणि मी चप्पल घालून मागोमाग बसले. मला नुसतं बघायचं होतं. तिथे गेल्यावर कळलं की आठ जणांच्या संघात निदान तीन बायका पाहिजेत असा नियम आहे. विमलताई एक, पोस्टातल्या रिटायर बाई दुसऱ्या. सरांनी माझ्याकडे नखशिखांत बघितलं आणि म्हणाले, "वैनी, पदर खोचा."

मला दोरावर ह्यांच्या पुढची जागा मिळाली. म्हणजे माझा अंबाडा बरोबर ह्यांच्या नाकासमोर. इतके महिने मी ह्यांच्या पाठीकडे बघून काढले होते, आता त्यांनी माझ्या पाठीकडे बघावं असं म्हणून मी दोर धरला.

अडचण अशी झाली की समोरून ओढायला कुणी नव्हतं. गावातल्या धड उभं राहू शकणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना सरांनी आमच्याच संघात घेतलं होतं. पहिल्या दिवशी दोर फुटबॉलच्या गोलखांबाला बांधला. आम्ही "एक, दोन, हो" म्हणून ओढला आणि खांब मुळासकट उपटून आला. आम्हाला फार अभिमान वाटला. मग वॉचमन धावत आला, आणि सरांनी तो खांब परत खड्ड्यात उभा करून त्याच्याभोवती माती लोटली, वर दोनदा पाय आपटले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने शिट्टी वाजवली.

मैदानाच्या कडेला सातगोंडा चौगुले म्हैस चारत होते. ते आमच्याच वयाचे, पण संघात यायला तयार नव्हते, कारण त्यांच्या मते व्यायाम ही जनावर नसलेल्या माणसांची गरज. बराच वेळ आमचा खेळ बघून ते जवळ आले.

"मास्तर, माझी चांदणी बांधा की," ते म्हणाले. "ती वडती बघा झकास."

चांदणी म्हणजे काळीकुळकुळीत, रेल्वेच्या डब्यासारखी म्हैस. सरांनी तिच्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि हो म्हणाले. तिला टोचू नये म्हणून छातीभोवती गोणपाट गुंडाळून त्यावरून दोर घेतला. सातगोंडा हिरवी वैरण घेऊन पलीकडे उभे राहिले. वैरण हलवली की चांदणी तिकडे चालायला लागायची आणि आम्ही आठ जणांनी तिला मागे खेचायचं.

पहिल्या वेळी आम्ही तिला मागे खेचलं असं म्हणण्यात अर्थ नाही. तिला आम्ही मागे आहोत हे कळलंसुद्धा नाही. पोस्टातल्या बाईंची चप्पल एकीकडे, बाई दुसरीकडे. एका काकांची कवळी गवतात पडली आणि सगळा संघ ओणवा होऊन ती शोधू लागला. हे कमरेला दोर घेऊन खाली बसले होते. ते बसल्याबसल्याच मैदानाच्या अर्ध्यापर्यंत घसरत गेले. चेहऱ्यावर काही नाही. बसमधून खिडकीबाहेर बघत प्रवास करावा तसे शांत.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर हे म्हणाले, "चड्डी फाटली."

मी काही विचारलं नसताना, आपण होऊन, दोन शब्द. मी चड्डी शिवायला घेतली आणि आधी देवापुढे साखर ठेवली.

महिनाभर हे चाललं. सकाळी मैदान, मैदानावर चांदणी. हळूहळू तिची पद्धत आमच्या अंगात मुरली. ती जोर करून चार पावलं जायची, मग थांबून तोंडातलं चावत बसायची. ती थांबली की दोर सैल पडायचा, आम्ही सगळे एका हाताने घाम पुसायचो, सर पाण्याची बाटली फिरवायचे, पोस्टातल्या बाई सुनेबद्दल एखादं वाक्य बोलून घ्यायच्या. वैरण परत हलली की सगळे दोराला. ह्यांना तेवढं घाम पुसता यायचं नाही, कारण दोर कमरेला बांधलेला आणि दोन्ही हात त्यात अडकलेले. तो निथळत राहायचा. डॉक्टरांना पाहिजे होता तसा, चार माणसांत आणि एका म्हशीत.

हे आता टाच रोवायला शिकले होते. रिक्षा बंद करून चालत यायला लागले. एकदा जेवताना दुसरी भाकरी मागितली. पण बोलणं अजून जेमतेमच होतं, आणि माझा जीव काही खाली पडत नव्हता. रात्री जाग आली की मी ह्यांच्या नाकाशी हात धरून बघायची.

एकदा सराव संपल्यावर सगळे चहाच्या टपरीवर गेले. हे दिसेनात म्हणून मी मागे फिरले, तर हे चिंचेखाली चांदणीसमोर बसलेले. ती चघळत होती आणि हे बोलत होते. चांगले भरभरून बोलत होते. मी खोडाआड थांबले. ऐकू नये असं मला एकदाही वाटलं नाही.

"झोप लागत न्हाई बघ," हे तिला सांगत होते. "गिरणी होती तवा कानाशी घरघर असायची. आता सगळं गप. ह्या गपपणात काय काय ऐकू येतंय. वाटतंय, आप्पा, तुझं दळण झालं. आता कुणाचा डबा न्हाई, कोण वाट बघायला न्हाई. उठून करणार काय तू? असं पडल्या पडल्या संपून गेलं तर बरं, असं बी वाटायचं. इंदूला सांगावं तर ती भिती. रातच्याला माझ्या नाकाशी हात धरून बसती. मला कळतंय की. मी झोपल्यागत करतो, तिला तेवढंच बरं वाटंल म्हणून."

चांदणीने कान हलवला.

"हल्ली जरा कमी वाटतंय," हे म्हणाले. "पर जात न्हाई."

मी तशीच मागे फिरून टपरीवर आले. विमलताईंना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग.

"एवढा संसार केला मी ह्यांच्याशी," मी म्हटलं, "आणि मन मोकळं केलं ते म्हशीपाशी. तिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही?"

"म्हैस मध्ये बोलत नाही," विमलताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. मी अजून वाक्य पुरं केलं नव्हतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ते बोलतात हे चांगलं आहे, इंदूवैनी. कमी वाटतंय म्हणाले हेही चांगलं आहे. डॉक्टरांना हे सगळं कळवायचं, मी येते बरोबर. आणि घरी तुम्ही जरा चांदणीसारख्या बसून बघा."

संध्याकाळी मी खरंच बसले. ह्यांच्या कॉटसमोर पाट टाकला, तोंडात सुपारी घातली आणि चघळत गप्प राहिले. ह्यांनी एकदा बघितलं. थोड्या वेळाने परत बघितलं.

"बरं वाटंना का?" ह्यांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"मग बोलत का न्हाईस? मला भ्या वाटालंय."

तरी मी गप्प. सुपारी संपली तरी चघळत राहिले. बऱ्याच वेळाने हे छताकडे बघत म्हणाले की गिरणीवरून जाताना अजून मान वर करवत नाही. मी म्हटलं, मलाही नाही करवत. मग आम्ही दोघं त्या रुंद झालेल्या रस्त्याला मनसोक्त शिव्या देत बसलो. जेवायला उशीर झाला आणि आमटी करपली, पण ह्यांनी ती ओरपली.

पुढच्या खेपेला विमलताई आमच्याबरोबर कोल्हापूरला आल्या. डॉक्टरांनी म्हशीची हकीकत ऐकून घेतली, गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या आणि म्हैसही चालू ठेवा म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी संघाला पांढरे कॅनव्हासचे बूट होते. तळेवाडीच्या शाळेच्या मैदानावर मांडव घातलेला, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे आणि समोर तळेवाडीचे आठ जण. दुधातुपातले हे खरंच होतं. एकेकाची मनगटं माझ्या दंडाएवढी. भोपळे सर आमच्यात सर्वांत पुढे उभे राहिले आणि आम्हाला हळूच म्हणाले, "घाबरू नका. ती आठ माणसं मिळून एक चांदणी होत नाही."

शिट्टी झाली आणि तळेवाडीने ओढलं. काही झालं नाही. त्यांनी परत ओढलं, परत काही झालं नाही. माझ्या मागे हे टाचा रोवून, मागे रेलून, दोर कमरेला घेऊन उभे होते आणि त्या दोराचं टोक जमिनीत पुरल्यासारखं होतं. प्रेक्षकांत गडबड उडाली. गडहिंग्लजचा संघ इतका वेळ उभा राहिलेला कुणी बघितला नव्हता. तळेवाडीचे लाल झाले, त्यांचे पाय घसरायला लागले, आणि दोरावरची खूण वीतभर आमच्याकडे सरकली.

मग तळेवाडीच्या म्होरक्याने काहीतरी खूण केली आणि ते सगळे नव्याने पकड घ्यायला क्षणभर थांबले. दोर सैल पडला.

आणि आम्ही सातही जणांनी एका हाताने घाम पुसला.

कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. महिनाभराची सवय. पोस्टातल्या बाईंनी "आमची सून म्हणजे" इतकं म्हणूनही घेतलं. भोपळे सर पाण्याची बाटली शोधत मागे वळलेले मला स्पष्ट दिसले. तेवढ्यात तळेवाडीने सगळा जोर लावला.

आम्ही सात जण पत्त्यांसारखे पडलो. कमरेला दोर असलेला एकटा माणूस तेवढा तळेवाडीच्या दिशेने निघाला. टाचांनी जमीन नांगरत, आमच्या अंगांना वळसे घालत हे पुढे पुढे जात होते, आणि जाताना ओरडत होते. गिरणी बंद झाल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मांडवातले पाहुणे दचकून उठून उभे राहिले.

"अरं धरा की दोर," हे गरजत होते. "ती म्हैस न्हवं, माणसं हायती. ती चघळायला थांबली न्हाईत. मास्तर, पाणी कसलं पितायसा, मी चाललोय हिकडं."

रेघ कधीच ओलांडली होती, पण तळेवाडीला थांबता येईना आणि ह्यांना कमरेचा दोर सोडता येईना. शेवटी ती सगळी वरात पाहुण्यांच्या रिकाम्या झालेल्या खुर्च्यांत जाऊन थांबली. मी धावत गेले. हे दोन खुर्च्यांच्या मध्ये बसले होते, तोंडभर धूळ, आणि डोळ्यांतून पाणी. मला वाटलं लागलं. जवळ गेल्यावर कळलं की हे हसताहेत. हसण्याने बोलता येत नव्हतं, नुसता हात करून भोपळे सरांकडे दाखवत होते. सर पडून उठले होते आणि हातात पाण्याची बाटली धरून मैदानाच्या मधोमध उभे होते.

परतीच्या टेम्पोत ह्यांनी प्रत्येकाला नावानिशी झापलं. शिस्त नाही, लक्ष नाही, बाई कसल्या बडबडतात, मास्तर कसले. संघ हरलेला होता आणि सगळे खाली मान घालून खूश होते. विमलताई माझा हात धरून बसल्या होत्या. घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

रात्री मला झोप लागली नाही. स्पर्धा संपली होती. सराव कशासाठी करायचा ते आता उरलं नव्हतं. गिरणी संपली तेव्हा माणूस पडला, आता हे संपलं तर परत पडेल. मी ह्यांच्या नाकाशी हात नेला आणि मागे घेतला, कारण ह्यांना कळतं हे मला आता माहीत होतं.

सकाळ झाली. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मैदानावर जायची वेळ झाली, हलले नाहीत. वेळ टळून गेली, तरी नाहीत. मी हाक मारली नाही. स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासली, चहा ठेवला आणि तो उकळून उकळून काळा होईपर्यंत बघत राहिले. मग जाऊन कॉटच्या कडेवर बसले. चांदणीसारखं गप्प बसायचं मनाशी ठरवलं होतं, पण मला रडू फुटलं, आणि मला काही आवाज न करता रडता येत नाही.

"अगं," हे भिंतीकडे बघतच म्हणाले, "रडायलीस कशाला?"

"तुम्ही उठला नाहीत."

"उठू कसा? मघाधरनं बघालोय उठाय. पाठ धरलीया, खांदा धरलाय, कंबर माझीच हाय का दुसऱ्या कुणाची त्येच कळंना. तुला हाक मारली दोन डाव, तर तू आत भांडी आपटालीस."

मी डोळे पुसले. "उठायचंय तुम्हाला?"

"मग? सातगोंडा थांबला असंल की म्हैस घेऊन."

"स्पर्धा संपली, अहो."

"स्पर्धा संपली, म्हैस कुठं संपलीया? आणि त्या मास्तराला पुढच्या सालापतोर दोर धरायला कोण शिकवणार?" ह्यांनी कण्हत कण्हत कूस बदलली आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. इतक्या महिन्यांत ती एक भाकरी सोडली तर ह्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "वड," हे म्हणाले.

मी हात धरले आणि ओढलं. हे तसूभर हलले नाहीत.

"अशी न्हाई. टाच रोव. कॉटच्या खुराला पाय लाव, कमरंतनं माग रेल. आणि मधीच घाम पुसाय सोडू नगस."

मी पदर खोचला, पाय लावला, मागे रेलले आणि ओढलं. सोडलं नाही.